शनिवारचं पाणी

कोलुंगा, होमा बे
रविवार, १२ ऑगस्ट २०१८

अबुया,

थोरल्या भावाचं अक्षर ओळखून हा कागद लगेच फाडू नकोस. फोन तू उचलत नाहीस. मासळीच्या शेडपाशी तुझ्या गोदीतला एक माणूस भेटला, त्याने तुझ्या पोस्टपेटीचा नंबर दिला. म्हणाला, "तुमचा भाऊ कुणाशी बोलत नाही. पोती उचलतो आणि समुद्राकडे पाठ करून जेवतो." मोंबासाचं पाणी खारट आहे, कुणी ते पीत नाही, याचं तुला बरं वाटत असेल असं माझ्या मनात आलं.

आईचे गुडघे धरतात, बाकी बरी आहे. तुझ्या अदोयोला पुरलं त्या मातीवरचं गवत रोज सकाळी उपटते. मी म्हटलं, "आई, गुडघे दुखतात तर राहू दे, मी उपटतो." तर म्हणाली, "पोर खुरपणीच्या दिवसांत जन्मली म्हणून आपण तिला अदोयो म्हटलं. तिच्यावर गवत चढू द्यायचं नाही. आणि तुझ्या हाताला खुरपं लागू द्यायचं नाही, तू नांगरतोस तेसुद्धा हिशोबाच्या वहीवर बसल्यासारखं."

सरोवर यंदा मचूळ आहे. बारीक ओमेना मासळीची जाळी हलकी येतात. माझं काम चालू आहे. बुधवारी होडी काढतो, तीन ठिकाणी थांबतो, दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी सोडतो, ती कुठवर दिसते ते दोरीच्या गाठींवर मोजतो, बाटल्या भरतो, वहीत लिहितो. पाणी पिण्याजोगं असेल तर शेडच्या खांबावर पांढरं फडकं, नसेल तर लाल. शनिवारची फेरी आता रविवारी हलवली आहे. एप्रिलमध्ये मी पाणी तपासणाऱ्या डॉक्टरबाईंना सांगितलं की शनिवार आमच्या ख्रिस्ती मंडळीचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस असतो, त्या दिवशी काम करणं मला जड जातं. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? वर्षभर का नाही बोललात? बाटल्या सोमवारच्या गाडीने पाठवा." एका वाक्याचं काम होतं.

मोंबासाच्या गाडीत चढण्याआधी तू मला दोन गोष्टी विचारल्यास. पहिली, "दादा, तू तर शाप मानत नाहीस. मग पंच मला शापाचा धनी ठरवत होते तेव्हा तू गप्प का बसलास?" दुसरी, "त्या शनिवारी पाणी कसं होतं?"

दुसरीचं उत्तर मी दिलं. म्हटलं, चांगलं होतं. पहिलीचं देण्याआधी गाडी सुटली.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो.

ओगोला


कोलुंगा
रविवार, ३ फेब्रुवारी २०१९

अबुया,

तुझी नेरिया इथे येऊन गेली. तू तिला मोंबासाहून परत पाठवलंस हे तिच्याच तोंडून कळलं. एक रात्र आईजवळ निजली आणि सकाळी माहेरी निघाली. कारुंगूची लेक कारुंगूला गेली, एवढंच आता किनाऱ्यावर बोलतात. मासळी वाळवणाऱ्या बायकांनी तिला सोडलं नाही. एकजण माझ्या देखत म्हणाली, "रंगासारखं हिरवं पाणी भरून आणायचं आणि शाप म्हणून रडायचं. बाई, डोळे होते की नव्हते?" दुसरी म्हणाली, "अगं, पाणी वाईट असतं तर आपली पोरं नसती गेली? थोरल्याच्या आधी घर मांडलं, दुसरं काय." दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं, पण दोष तिचाच यावर पटलं.

तू तिला काय म्हणालास तेही तिने सांगितलं. "दादा म्हणतो पाणी चांगलं होतं. मग तू लव्हाळ्यातलं साचलेलं पाणी भरलं असशील, चालायचा कंटाळा म्हणून." अबुया, ती लव्हाळ्यात गेली नव्हती. हे मला माहीत आहे. कसं, ते विचारू नकोस, तिचा स्वभाव मला माहीत आहे म्हणून म्हणतो. चार वर्षांच्या पोरीसाठी ती पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवायची.

निघताना ती माझ्या दारात आली. पिशवी खालीही ठेवली नाही.

"भावोजी, त्या दिवशी फडकं पांढरं होतं ना?"

"होतं," मी म्हटलं.

"आणि पाणी?"

"वहीत चांगलं लिहिलंय."

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "वहीत आहे म्हणजे असेल. मग माझेच डोळे फुटले होते." आणि गेली. माझी बायको आत चुलीवर पिठाची उकड ढवळत होती, तिने सगळं ऐकलं. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसली.

तुझ्या रिकाम्या घराचं छप्पर मी शाकारून घेतलं आहे. पंचांनी सांगितलं होतं की ते पडू द्यावं. पडू देणं मला जमलं नाही.

नेरियाला परत बोलव. मी थोरला आहे म्हणून सांगतो.

ओगोला


कोलुंगा
रविवार, १० ऑक्टोबर २०२१

अबुया,

मधली दोन वर्षं सगळ्या जगाचीच दारं बंद होती, त्यामुळे तुझ्या गप्प राहण्याचा हिशोब मी धरला नाही. आता धरतो. आधीची दोन पत्रं तुला मिळाली, हे तुझ्या गोदीतल्या माणसाकडून समजलं. "वाचतो आणि खिशात ठेवतो," तो म्हणाला. म्हणजे फाडत नाहीस. एवढ्यावर मी पुढे लिहितो.

या आठवड्यात आमच्या डॉक्टरबाई, डॉ. नालियाका, इथे तीन दिवस होत्या. त्या आता पुस्तकाएवढा अहवाल लिहीत आहेत. आपण ज्याला शेवाळ म्हणतो ते खरं तर शेवाळ नाही, उन्हावर वाढणारे बारीक जिवाणू आहेत, हे तुला मी मागे सांगितलं होतं. शेतातलं खत आणि गावातली घाण सरोवरात उतरते, त्यावर ते माजतात, वर तरंगून येतात, वारा त्यांना एका अंगाला लोटतो आणि हिरवी साय धरते. त्यातल्या काहींच्या पोटात विष असतं. यकृत धरतं ते.

बाईंनी किसुमूहून आणलेल्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या. आयोडीन घातल्यामुळे त्या चहाच्या रंगाच्या दिसतात. प्रत्येकीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी. शेजारी त्यांनी उपग्रहाने आकाशातून काढलेले फोटो ठेवले, दर काही दिवसांचा एक. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "ओगोला, हा बघा. सतरा मार्च दोन हजार अठरा, सकाळी साडेदहा. अख्खा उपसागर हिरवा. आणि तुमची बाटली म्हणते पाणी निवळ. तबकडी नऊ गाठी खाली दिसली."

मी म्हटलं, "ढग असतील, बाई."

"ढग पांढरे दिसतात. हे हिरवं आहे."

मी बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली, जणू ती काही वेगळं सांगेल. बाईंनी ती माझ्या हातून हळूच काढून घेतली आणि म्हणाल्या, "काळजी करू नका. तुम्हाला मी पाच वर्षं ओळखते. हा दूरचा डोळा या उपसागरात चुकतो असं दिसतंय, किनाऱ्याजवळचा गाळ त्याला फसवत असेल. मी अहवालात तसंच लिहीन. माणूस पाण्यात उभा राहून सांगतो ते खरं धरायचं."

"म्हणजे मग फोटोंचं काय करणार?"

"इथल्या किनाऱ्यांना फोटोवरून इशारा द्यायची योजना होती. ती बंद करावी लागेल. चुकीच्या इशाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

अबुया, मी दुपारी होडी धुतली. परत धुतली. अदोयो यायची ना धक्क्यावर, मी तबकडी सोडताना वाकून बघायला? तबकडीला ती चांद म्हणायची. "मोठे बाबा, चांद बुडाला?" मी म्हणायचो, "अजून नाही." "आता?" "आता बुडाला." मग टाळ्या.

याहून जास्त आज लिहवत नाही.

ओगोला


कोलुंगा
बुधवार, १३ ऑक्टोबर २०२१

अबुया,

रविवारचं पत्र अजून पोस्टात पोहोचलंही नसेल आणि मी हे लिहायला बसलो. दोन्ही एकदम मिळाली तर हे आधी वाच.

डॉक्टरबाईंनी मला कामावर घेताना विचारलं होतं, "बुधवार आणि शनिवार चालेल?" मासळीची बर्फवाली गाडी शनिवारी दुपारी किसुमूला जाते, तिच्यातून बाटल्या पाठवायच्या होत्या. मी म्हटलं, चालेल. दुसरा कुणी हो म्हणायच्या आत म्हटलं. शनिवारी मी होडीला हात लावत नाही हे किनाऱ्यावरच्या लहान पोरालाही ठाऊक होतं, फक्त बाईंना ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

मग मी शुक्रवारी, सूर्य बुडण्याच्या आत, पाणी भरायचो आणि चिठ्ठीवर शनिवार लिहायचो. बर्फाची पेटी गाडीवाल्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवायचो. चौदा महिने. माझे सगळे शनिवार शुक्रवारचे आहेत. मनाशी म्हणायचो, एवढं मोठं सरोवर, एका रात्रीत त्याचं काय होणार आहे? आणि शब्बाथ तर पाळला जातोय. काम शुक्रवारी झालं, खोटं फक्त एका शब्दाचं. देवाला शब्द दिसत नाहीत, हात दिसतात, असं काहीसं मी धरून चाललो होतो. मुलांच्या वर्गात मी शिकवतो, बैल खड्ड्यात पडला तर शब्बाथालाही त्याला बाहेर काढावं. दरवर्षी शिकवतो.

सोळा तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, पाणी खरंच निवळ होतं. नऊ गाठी. मी पांढरं फडकं चढवलं आणि घरी जाऊन अंघोळ केली.

शनिवारी सकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो होतो. दहाच्या सुमारास वारा फिरला, सरोवराकडून किनाऱ्याकडे. तिसरं गाणं चालू असताना वास आला. तुला तो वास माहीत आहे, ओल्या गवताचा आणि कुजल्या अंड्याचा. पुढच्या बाकावर बसलेल्या, पंचांतल्या ओकेच म्हाताऱ्याने नाक चोळलं. मला कळलं, अबुया. किती दाट असेल तेही वासावरून कळलं. प्रार्थनामंदिरापासून शेडचा खांब दोनशे पावलं. पांढरं फडकं उतरवून लाल चढवायला किती वेळ लागतो? पण मी तेव्हा उठलो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं, ओगोला शब्बाथाला कुठे चालला? आणि मग फडकं कधीचं, पाणी कधीचं, सगळं निघालं असतं. मी गाण्याचं पुढचं कडवं म्हटलं. उन्हं उतरेपर्यंत तिथेच बसलो.

नेरिया आमच्या मंडळीतली नाही. तिने सकाळी कपडे धुतले आणि दुपारी बाराच्या आत पिवळा कॅन घेऊन पाण्याला गेली. किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं. बाकीच्या घरांनी, आमच्या घरानेही, शब्बाथाचं पाणी शुक्रवारीच भरून ठेवलं होतं. तेच आम्ही रविवारपर्यंत प्यायलो. तोवर वाऱ्याने साय पलीकडे नेली होती.

पंचांनी विचारलं होतं आठवतं? "पाण्यात विष असतं तर गावातलं एकच पोर का?" सगळ्यांना वाटलं, याला उत्तर नाही. मला उत्तर माहीत होतं. मी गप्प बसलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरने पोरीचे पिवळे डोळे बघून डॉक्टरबाईंना फोन केला होता, पाणी हिरवं होतं का म्हणून. त्यांनी मला विचारून सांगितलं, नाही. मग ते मलेरियाचंच औषध देत राहिले. नंतर मी एकदा बाईंना आडून विचारलं, कळलं असतं तर पोर वाचलं असतं का? त्या म्हणाल्या, या विषाला औषध नाही, सांगता येत नाही. मी त्या "सांगता येत नाही"वर साडेतीन वर्षं काढली.

पाणी नेरियाने उकळलं होतं. उकळल्याने हे विष जात नाही, जिवाणू फुटून उलट पाण्यात मिसळतं. हेही मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं, कारण लोकांना ते सांगण्याचं काम माझं होतं.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. बापाच्या वाडीबाहेर आधी घर मांडायची पाळी थोरल्याची. मी रिवाजाप्रमाणे कोंबडा आणि कुऱ्हाड घेऊन नवी जागा धरायला गेलो नाही, कारण माझ्या मंडळीत ते चालत नाही. तू नऊ वर्षं माझी वाट बघितलीस, मग माझ्या आधी बापाची वाडी सोडलीस आणि स्वतःचं घर मांडलंस. पंच म्हणाले, नियम मोडला, शाप लागला, पोर गेलं, पोरीला तिच्या बापाच्या अंगणात पुरायचं नाही, आजोबांच्या वाडीत पुरा. मी शाप मानत नाही. पण लपायला तो भिंतीसारखा होता, आणि ज्याला मी मानत नाही त्याच्या आडोशाला मी उभा राहिलो. तू शापाचा धनी झालास. नेरिया आळशी झाली. मी मुलांना शब्बाथाचे धडे देत राहिलो.

तू माझ्या शब्दावर बायको परत पाठवलीस. माझा शब्द खोटा होता.

हे पत्र मी स्वतः होमा बेला जाऊन टाकणार आहे. तिथून किसुमूला, डॉक्टरबाईंकडे.

ओगोला


कोलुंगा
रविवार, २३ जानेवारी २०२२

अबुया,

तुझा निरोप आईला मिळाला, तिने तो माझ्या बायकोकरवी मला पोचवला. "त्याला सांग, लिहू नको." हे शेवटचं. यात माझ्यासाठी काही मागत नाही, घडलं तेवढं सांगतो.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कपाट उघडलं आणि चौदा महिन्यांच्या शनिवारच्या बाटल्या एकेक करून वेगळ्या काढल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या हातावर मी त्या फोटोहून जास्त विश्वास टाकला होता."  शेवटी त्यांनी विचारलं, "त्या पोरीचं नाव काय?" मी सांगितलं, अर्थही सांगितला. त्यांनी चष्मा काढला. "माझं नावही खुरपणीचंच आहे. आमच्याकडे खुरपणीत जन्मलेल्या मुलीला नालियाका म्हणतात." आणि मला बाहेर जायला सांगितलं.

मी आता होडी वल्हवतो, एवढंच. वही बायकांच्या बचत गटातली एकजण लिहिते. मला वाचताही देत नाही, पान हाताने झाकते. बरोबर करते.

मंडळीत मी उभा राहून सांगितलं. मुलांचा वर्ग गेला. मागच्या बाकावर बसतो. पंचांना आपल्या वाडीत बोलावून सांगितलं, आई ऐकत होती. ओकेच म्हातारा बराच वेळ काठीने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुझ्या भावाच्या शुद्धीसाठी आम्ही मेंढा कापला, त्या मेंढ्याचा रस्सा तू आमच्यात बसून ओरपलास?"

"हो," मी म्हटलं.

"दोनदा वाढून घेतलास. मला आठवतं."

"हो, बाबा."

"शाप मानत नाहीस, पण मेंढा मानतोस." कुणीतरी हसलं. ओकेच हसला नाही. उठताना म्हणाला, "अबुयाच्या घराला आता आमचा काही शब्द नाही. पोरीचं काय करायचं ते तिच्या आईबापाने ठरवावं."  सगळे गेल्यावर आई माझ्यासमोरून चुलीपाशी गेली आणि स्वतःशीच म्हणाली, "मी साडेतीन वर्षं सुनेला शिव्या दिल्या. माझ्याच्याने आता तिला तोंड कसं दाखववेल?" मला ती एक शब्द बोलली नाही. अजूनही बोलत नाही.

मग मी कारुंगूला गेलो. नेरिया किनाऱ्यावर जाळ्यावर ओमेना पसरत होती. वाळली आहे. मला बघून पसरायची थांबली नाही. मी उभ्यानेच सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं सगळं. वासाचंही सांगितलं. तिसऱ्या गाण्याचंही.

ती मासे हाताने सारखे करत राहिली.

"मला दिसलं होतं, भावोजी," ती म्हणाली. "पाणी हिरवं होतं, मला दिसलं होतं. मी हाताने साय बाजूला सारली. मग खांबाकडे बघितलं, फडकं पांढरं. म्हटलं, शिकलेल्या माणसांनी मोजलंय, आपण कोण. आणि भरलं." मग म्हणाली, "त्यानंतर मी माझ्या डोळ्यांवर कधीच विश्वास ठेवला नाही. बाजारात चिल्लरसुद्धा दुसऱ्याकडून बघून घेते."

मी गुडघ्यांवर आलो. ती म्हणाली, "उठा. मासे तुडवाल." मी क्षमेचं काही बोलू लागलो तेव्हा तिने हात वर केला. "ते नको. ते मागू नका, म्हणजे मला नाही म्हणावं लागणार नाही. ती वही आहे ना, ज्यात चांगलं लिहिलंय? ती कुठे आहे?"

मी म्हटलं, डॉक्टरबाईंकडे.

"मला ती बघायची आहे."

काल ती आली, अबुया. तीन वर्षांनी कोलुंगात. शनिवार होता, मी मुद्दाम तोच दिवस मागून घेतला आणि मंडळीत गेलो नाही. डॉक्टरबाई किसुमूहून आल्या. बाईंनी सांगितलं होतं की त्या तारखेची माझी ओळ खोडायची आहे, पण जागा रिकामी सोडण्यापेक्षा त्या दिवशी ज्याने पाणी पाहिलं त्याची साक्ष लिहिता येईल. त्या दिवशी पाणी पाहणारं माणूस जगात एकच आहे. शेडमधल्या मासळी तोलायच्या टेबलावर वही ठेवली. बाईंनी माझी ओळ लाल शाईने खोडली आणि नेरियाला विचारायला सुरुवात केली.

"वेळ?"

"बाराच्या आधी. मंडळीतलं गाणं ऐकू येत होतं."

ते लिहिताना बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"पाणी कसं होतं?"

"हिरवं. रंगासारखं जाड. कॅन बुडवला तर कॅनचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं."

"तबकडी सोडली असती तर किती खाली दिसली असती, असं वाटतं?"

"तुमचा चांद?" नेरिया म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून आला आणि ती थांबली. बाईंनी पेन खाली ठेवून वाट बघितली. मग ती म्हणाली, "पाण्यावर नुसता ठेवला असता तरी बुडाला असता."

"साक्षीदाराचं नाव काय लिहू?"

त्यावर तिने बराच विचार केला. मग सांगितलं, आणि बाईंनी लिहिलं, आणि तिने ते शब्द बोट ठेवून वाचले. दोनदा.

तिथून ती आईच्या वाडीत गेली. आई मातीवर गवत उपटत बसली होती. नेरिया तिच्या शेजारी बसली आणि उपटू लागली. मी फाटकापाशी थांबलो, आत गेलो नाही. दोघी काही बोलत होत्या की नाही ते मला ऐकू आलं नाही. दुपारच्या गाडीने ती कारुंगूला परत गेली. तुझ्या घराच्या दारावरून गेली, पण वळून बघितलं नाही. पोरीला इथून हलवायचं का, हे ती तुझ्याशीच बोलेल, माझ्यामार्फत नाही, असं तिने आईला सांगितलं आहे, हेही मला बायकोकडूनच कळलं. तिचा फोन नंबर या कागदाच्या मागे आहे. तिने तो द्यायला सांगितलं नाही. नको असंही म्हणाली नाही.

उपसागराचे फोटो आता बरोबर धरले जातील. बाईंनी अहवालातलं ते पान बदललं. खांबावर काल लाल फडकं होतं.

तू विचारलं होतंस, त्या शनिवारी पाणी कसं होतं. मी आज फक्त उतरवून पाठवतो. वहीत आता असं आहे:

१७ मार्च २०१८, शनिवार. बाराच्या आधी. पाणी हिरवं, जाड साय. तबकडी दिसली नसती. पाहणारी: अदोयोची आई.

ओगोला